पाणगोगलगाय आणि तितर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात पावसाळ्यात मी शाळेच्या मुलांना घेऊन फिरायला जातो. वाट ठरलेली असते. गावाबाहेरच्या झुडपी जंगलातून निघायचं, धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे शेताच्या बांधांवरून, चालत जायचं आणि बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर बसून डबा खायचा. या एवढ्या वाटेवर दोन जीव हमखास भेटतात. झुडपात ओरडणारा तितर आणि बोडीच्या काठाशी पाण्यात बसलेली गोगलगाय. मुलं, त्यांचे शिक्षक आणि कधीकधी पालकही या दोघांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे.

एक गोगलगाय, एक पक्षी. यांची तुलना करायची तरी कशाला?

सातवीतल्या एका मुलीने हेच विचारलं होतं. मी तिला म्हटलं, आधी दोघांची अंडी बघ, मग बोलू. तुलना सारख्या दिसणाऱ्यांचीच करायची असं आपल्याला शाळेत नकळत शिकवलं जातं. घोडा आणि गाढव, कावळा आणि कोकीळ. पण एकाच गावात, एकाच पावसावर जगणारे दोन अगदी वेगळे जीव शेजारी ठेवले की दोघांचंही जगणं जास्त नीट कळतं. एकाला हाडं आहेत, दुसऱ्याला नाहीत. एकाचं रक्त गरम, दुसऱ्याचं पाणी असेल तसं. आणि तरीही दोघांची अडचण एकच आहे : पिल्लं कोरडी पडून मरू नयेत म्हणून काय करायचं?

नेमकी कोणती गोगलगाय आणि कोणता तितर?

गोगलगाय म्हणजे पायला या प्रजातीतली, गोड्या पाण्यातली मोठी गोगलगाय. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत जिचं विच्छेदन केलेलं असतं, तीच. शंख गोल, फुगीर, हिरवट-तपकिरी. मोठी झालेली गोगलगाय लिंबाएवढी, क्वचित त्याहूनही मोठी. तोंडावर चुन्याचं घट्ट झाकण असतं. हे झाकण ही तिची पक्की ओळख. पावसाळ्यात भिंतीवर चढणाऱ्या जमिनीवरच्या गोगलगायीला असं झाकण नसतं.

तितर म्हणजे करडा तितर. कोंबडीच्या कुळातला, लांबीने तीसेक सेंटिमीटर, वजनाने पाव किलोच्या थोडा वर. अंगावर बारीक आडव्या रेघा, गळा फिकट पिवळसर आणि त्याभोवती काळी बारीक कडा. पाय तांबूस, नराच्या पायाला मागे टोकदार नखी. रंग असा की वाळलेल्या गवतात तो चार हातांवर बसलेला असला तरी दिसत नाही. दिसण्याआधी तो ऐकू येतो. पहाटे एक ओरडायला लागला की दुसरा त्याला उत्तर देतो. तितर हे नाव त्याच्या ओरडण्यावरूनच पडलेलं.

तितराला शिकारी पक्षी म्हणतात ना?

नाही. हा घोळ फार जण करतात. शिकारी पक्षी म्हणजे शिकार करणारे पक्षी : ससाणा, गरुड, घुबड. तितर, लावरी, रानकोंबडा हे शिकारीचे पक्षी, म्हणजे माणसं ज्यांची शिकार करत आली ते. एका प्रत्ययाने अर्थ उलटा होतो. निबंधात लिहिताना जपा.

दोघांमधलं सगळ्यात मोठं साम्य कोणतं?

अंडी. आणि हे साम्य इतकं विलक्षण आहे की मी अजूनही दरवर्षी नव्याने थांबून बघतो.

पायला पाण्यात राहते. तिच्या बहुतेक नातेवाईक गोगलगायी पाण्यातच चिकट जेलीत गुंडाळलेली अंडी वनस्पतींना चिकटवतात. त्याच बोडीत शेजारी राहणारी बेलामिया नावाची छोटी गोगलगाय तर अंडी बाहेर घालतच नाही, शंखासकट तयार पिल्लांनाच जन्म देते. पायला मात्र पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणी सोडून काठावर चढते. काठाच्या ओलसर मातीत, गवताच्या बुंध्याशी किंवा धुऱ्याच्या कपारीत जागा बघते आणि तिथे अंड्यांचा घोस घालते. एकेका घोसात दोनशेपासून आठशेपर्यंत अंडी. प्रत्येक अंडं गोल, पांढरं, मोठ्या साबुदाण्याएवढं. आणि प्रत्येकाला चुन्याचं कवच. बोटाने हलकेच दाबलं तर कोंबडीच्या अंड्यासारखं टचकन फुटतं.

आता तितराकडे या. तोही जमिनीवरच अंडी घालतो. बाभळीच्या किंवा बोराटीच्या आडोशाला, कधी गवताच्या झुपक्यात, जमिनीत उथळ खळगा आणि त्यात थोडं वाळलेलं गवत. घरटं म्हणावं असं काही नाही. त्यात सहा ते आठ फिकट बदामी अंडी. यांचंही कवच चुन्याचंच.

म्हणजे बघा. एक पाण्यातला मऊ जीव, एक माळावरचा पक्षी. दोघांच्या वंशांचा दूरदूरचा संबंध नाही. पण अंड्यातलं पाणी उडून जाऊ नये आणि आतल्या जिवाला हवा मात्र मिळावी, या अडचणीवर दोघांनी एकच उपाय शोधला : बारीक छिद्रांचं चुन्याचं कवच. पक्ष्यांना तो सरपटणाऱ्या पूर्वजांकडून मिळाला, पायलाच्या कुळाने स्वतंत्रपणे मिळवला.

पाण्यातली अंडी मासे खातात, किडे खातात. शिवाय उथळ, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. काठावर हे धोके टळतात. अर्थात नवे धोके येतात. मुंग्या, उंदीर आणि कुदळ घेऊन धुरा नीट करायला आलेला माणूस.

अंड्यांची काळजी कोण घेतं?

इथे दोघांचे रस्ते वेगळे होतात. पायला अंडी घालते आणि पाण्यात परत जाते. मागे वळून बघणं नाही. शेकडो अंड्यांतली मोजकीच मोठी होतील, हा तिचा हिशेब. दोन-तीन आठवड्यांत शंख घातलेली इवली पिल्लं बाहेर पडतात आणि घरंगळत-सरकत पाण्याकडे जातात.

तितराची मादी एकटी अंडी उबवते, तीन आठवड्यांच्या आसपास. ती बसलेली असताना पाय पडेपर्यंत उठत नाही. मी एकदा चप्पल टेकवणार तोच पायाखालून फर्रकन आवाज झाला आणि काळीज हललं. पिल्लं अंड्यातून निघाली की अंग वाळताच चालायला लागतात. त्यांना चोचीत भरवावं लागत नाही, पण आई कुठे काय आहे ते उकरून दाखवते. पहिले काही आठवडे त्यांना किडेच लागतात, दाण्यांवर अंग भरत नाही. म्हणून पावसाच्या सुरुवातीला निघणारी वाळवी म्हणजे त्यांच्यासाठी पंगत असते.

एवढा चुना या दोघांना मिळतो कुठून?

पायलाला तो पाण्यातून आणि खाण्यातून मिळतो. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम ती त्वचेतूनही शोषून घेते आणि शंखाच्या ओठाशी नवा थर चढवत जाते. म्हणून आम्लधर्मी, कॅल्शियम नसलेल्या पाण्यात गोगलगायींचे शंख पातळ आणि खवले गेलेले दिसतात.

पक्ष्याची गोष्ट अवघड आहे. दाणे आणि किडे या दोन्हींत कॅल्शियम फार कमी. अंडी घालायच्या दिवसांत मादीला ते कुठून तरी उचलावंच लागतं, आणि तिथे गोगलगायी कामाला येतात. नेदरलँड्समध्ये 1980-90च्या दशकांत याप ग्राव्हलँड या संशोधकाने टिट नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यांवर काम केलं. आम्लवर्षेमुळे तिथल्या रेताड जंगलांच्या मातीतलं कॅल्शियम धुऊन गेलं होतं. त्यामुळे जमिनीवरच्या गोगलगायी घटल्या आणि त्यापाठोपाठ पक्ष्यांची अंडी पातळ, सच्छिद्र निघू लागली. काही माद्या तर रिकाम्या घरट्यावर बसून होत्या. त्याच पक्ष्यांना गोगलगायींच्या शंखांचे आणि कोंबडीच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे खायला ठेवले, तेव्हा अंडी पुन्हा धड निघू लागली.

आपल्याकडच्या आयाबाया कोंबड्यांना शिंपल्यांचा चुरा टाकतात, तो याच कारणाने.

मग तितर ही गोगलगाय खातो का?

मोठी पायला, नाही. ती फोडायची ताकद त्याच्या चोचीत नाही आणि तो पाण्यात उतरतही नाही. तो जमीन उकरून खाणारा पक्षी आहे : गवताचं बी, सांडलेले दाणे, कोवळे कोंब, वाळवी, भुंगेरे.

पायलाचा खरा गिऱ्हाईक म्हणजे मुग्धबलाक. या करकोच्याची चोच मिटली तरी मधे फट राहते. लांबून वाटतं चोचीत काही अडकलं आहे. तो पाण्यात चोच बुडवून गोगलगाय पकडतो, झाकणाच्या आतल्या बाजूने टोक घालून स्नायू तोडतो आणि मांस ओढून काढतो. शंख बहुतेक वेळा अख्खाच राहतो. बोडीच्या काठावर रिकाम्या शंखांची रास दिसली आणि शंख फुटलेले नसतील तर समजा, तो येऊन गेला.

गोगलगाय श्वास कसा घेते? नाक तर दिसत नाही.

हा मुलांचा सगळ्यात आवडता प्रश्न आणि उत्तर दाखवण्याजोगं आहे. एक पायला काचेच्या बरणीत बोडीच्याच पाण्यात ठेवा आणि गप्प बसा. दहा-पंधरा मिनिटांत ती काचेवरून वर सरकते. पृष्ठभागाच्या थोडं खाली थांबते आणि डोक्याच्या डाव्या बाजूची पातळ घडी गुंडाळून तिची नळी करते. ही नळी लांबत लांबत पाण्याबाहेर येते, तोंड उघडतं आणि मग तिचं अंग आत-बाहेर, आत-बाहेर हलू लागतं. भात्यासारखं. ती हवा भरून घेत असते.

तिच्याकडे कल्लाही आहे आणि फुप्फुसही. उजव्या बाजूला कल्ला, डाव्या बाजूला फुप्फुसाची पिशवी. पाण्यात कल्ल्याने भागतं, पाणी कुजकं झालं की नळीने हवा आणि काठावर चढली की थेट फुप्फुस. एवढी दुहेरी सोय फार थोड्या प्राण्यांकडे असते.

तितराची व्यवस्था वेगळ्याच कारणासाठी भारी आहे. पक्ष्यांच्या फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात. त्यामुळे श्वास आत घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा फुप्फुसातून ताजी हवा एकाच दिशेने वाहते. आपल्यासारखी आत गेलेली हवा त्याच वाटेने परत फिरत नाही. उडण्याला लागणारा प्राणवायू असा मिळतो.

गोगलगायीचं रक्त निळं असतं का?

पायलाचं, हो, फिकट निळसर. तिच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य तांब्याचं असतं. तितराचं आणि आपलं लोहाचं, म्हणून लाल.

'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण खरी आहे का?

म्हणीचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे : वरून गरीब, आतून पोहोचलेला. त्या अर्थाने ती गोगलगायीवर अन्याय करते असं मला मनापासून वाटतं. पण शरीररचना म्हणून म्हण अगदी बरोबर आहे. गोगलगायींच्या वर्गाचं शास्त्रीय नावच उदरपाद, म्हणजे पोट हाच पाय. तळव्यासारखा रुंद स्नायू, त्यातून मागून पुढे जाणाऱ्या लाटा आणि खाली चिकट द्रवाचा थर. काचेच्या बरणीत खालून बघितलं तर या लाटा स्वच्छ दिसतात. ज्या कोणा बाईने किंवा माणसाने ही म्हण पहिल्यांदा उच्चारली, त्याने गोगलगाय उलटी करून बघितली होती, हे नक्की.

तितर उडण्याऐवजी का पळतो?

कारण त्याला पळणंच परवडतं. धोका दिसला की आधी मान खाली घालून झुडपाझुडपांतून धावतो. अगदीच गळ्याशी आलं तर उडतो. फर्रकन उंच, सरळ, थोडं अंतर काटून पुन्हा खाली. कोंबडीच्या छातीचं मांस पांढरट आणि तंगडीचं गडद असतं ते आठवा. पांढरट स्नायू झटक्यात जोर लावतात पण लवकर थकतात. गडद स्नायू दिवसभर चालू शकतात. तितराचं कुळ तेच, हिशेबही तोच. म्हणून त्याला एकामागून एक तीन-चारदा उडवलं की तो दमून बसतो आणि कुत्र्याच्या तोंडी लागतो. फिरायला जाताना कुत्रं मोकळं सोडू नका, ही कळकळीची विनंती.

दोघं खातात कसं? दात आहेत का?

तितराला दात नाहीत. तो बारीक खडे गिळतो आणि चिकनच्या दुकानात ज्याला आपण पेटा म्हणतो त्या स्नायूच्या पिशवीत ते खडे दाणे दळतात. गोगलगायीच्या जिभेवर मात्र कानशीसारखे दातांच्या ओळींवर ओळी असतात. ती पाणवनस्पती खरवडून खाते. पुढचे दात झिजतात, मागून नवे सरकतात.

एप्रिल-मेमध्ये बोडी आटते. तेव्हा गोगलगाय जाते कुठे?

कुठेच नाही. ती तिथेच असते, तुमच्या पायाखाली. पाणी उतरायला लागलं की पायला चिखलात शिरते, अंग आत ओढते आणि झाकण लावून घेते. वरचा चिखल वाळतो, त्याला भेगा पडतात, त्यावरून बैल जातात आणि ती आत झोपलेली असते. कित्येक महिने. हृदयाचे ठोके मंदावतात, खाणं बंद, थोडीफार हवा त्या फुप्फुसाच्या पिशवीतून. मग मृगाचा पाऊस पडतो, चिखल मऊ होतो आणि एका रात्रीत बोडीत गोगलगायी दिसायला लागतात. आमच्याकडचे म्हातारे म्हणतात, पावसासोबत आभाळातून पडतात. तसं वाटावं इतकं ते अचानक असतं.

तितराला झोपून उन्हाळा काढता येत नाही. त्याच्या अंगाचं तापमान कायम चाळीस अंशांच्या वर आणि ती भट्टी रोज पेटती ठेवावी लागते. तो सकाळी लवकर आणि सांजच्याला चरतो, दुपारी सावलीत चोच उघडी टाकून बसतो. रात्री काटेरी झाडावर चढून झोपतो, सगळं कुटुंब एका फांदीवर.

धानाचं आणि सोयाबीनचं नुकसान हीच गोगलगाय करते का?

नाही, आणि या गैरसमजापायी पुष्कळ निरपराध गोगलगायी मरतात. 2022च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांत सोयाबीनची कोवळी रोपं फस्त झाली, ती जमिनीवरच्या गोगलगायींनी. तिकडच्या शेतकऱ्याचं दुःख खरं आहे, त्याला दुबार पेरणी करावी लागली. पण त्या गोगलगायी वेगळ्या. जमिनीवरची ती मोठी आफ्रिकन गोगलगाय तर 1847 मध्ये मॉरिशसहून कोलकात्यात आणली गेली आणि पुढे देशभर पसरली.

धानाची खरी शत्रू पोमेशिया, दक्षिण अमेरिकेची. 1980च्या सुमारास तैवानात खाण्यासाठी पाळायला आणली, ती सुटली आणि फिलिपिन्सपासून व्हिएतनामपर्यंत भातशेतीची डोकेदुखी झाली. ती पाण्याच्या वर, देठांवर भडक गुलाबी अंडी घालते. तुमच्या भागात गुलाबी अंडी दिसली तर लगेच कृषी विभागाला कळवा. पांढरी, मातीतली अंडी असतील तर ती आपल्या पायलाची आहेत. राहू द्या.

गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमुळे रोग होतात म्हणे?

काहींमुळे, हो. गुरांच्या यकृतातली पर्णकृमी आणि पोटातले चपटे कृमी यांच्या आयुष्याचा अर्धा भाग लहान गोगलगायींच्या अंगात जातो. लिम्निया आणि चपट्या चकलीसारखी इंडोप्लॅनॉर्बिस या त्यातल्या मुख्य. गुरं बोडीच्या काठचं गवत खातात आणि कृमी पोटात जातात. म्हणून पावसाळ्याच्या आधी आणि नंतर जंताचं औषध द्यायला सांगतात.

माणसाच्या बाबतीत एक गोष्ट महाराष्ट्राचीच आहे. 1952 मध्ये गाडगीळ आणि शाह या डॉक्टरांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाण्याचा शिस्टोसोमियासिस हा आजार नोंदवला. आफ्रिकेत सर्रास आढळणारा हा आजार भारतात स्थानिक असल्याची तेवढीच एक जागा. तिथे कृमीला आसरा देणारी गोगलगाय होती फेरिसिया, नखावर मावेल एवढी टोपीसारखी. लिंबाएवढ्या पायलाला घाबरणाऱ्यांनी या टिकलीएवढ्या गोगलगायीची गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

या दोघांना खाल्लं जातं का? चालतं का?

पाण्यातल्या गोगलगायी खातात. गोव्यात पावसाळ्यात शेतातले कोंगे नारळाच्या वाटपात करतात. छत्तीसगडच्या बाजूला घोंघी आवडीने खाल्ली जाते. गरिबाच्या ताटातलं ते चांगलं प्रथिन आहे, त्यात कमीपणा काही नाही. फक्त कच्ची किंवा अर्धवट शिजलेली खाऊ नका. उंदरांकडून आलेला एक सूक्ष्म कृमी त्यात असू शकतो आणि तो माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो. रोवणीच्या वेळी फवारलेल्या शेतातल्याही घेऊ नका.

तितर मात्र नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली त्याला मारणं, पकडणं, विकणं, पाळणं आणि त्याची अंडी फोडणं किंवा उचलणं हा गुन्हा आहे. ढाब्यावर 'तितर' म्हणून कोणी काही वाढत असेल तर उठून या. पोल्ट्रीत वाढवलेली जपानी लावरी निराळी.

पारध्यांमुळे तितर कमी झाले, हे खरं का?

हे वाक्य मला खटकतं. फासेपारधी पिढ्यान्‌पिढ्या तितर-लावरी फाशात धरत आले, हे खरं. गवतात घोड्याच्या केसाचे किंवा दोऱ्याचे फासे मांडायचे आणि पक्ष्याला त्याच्याच आवाजाने बोलवायचं. इंग्रजांनी 1871च्या कायद्याखाली ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यांत पारधीही आले. तो शिक्का 1952 मध्ये कायद्याने पुसला, लोकांच्या मनातून अजून पुसलेला नाही. फाशाने तितर संपले असते तर दोनशे वर्षांपूर्वीच संपायला हवे होते. आज ते ज्या गावांतून गेले, तिथे धुरे जेसीबीने सपाट झालेत, तणनाशकाने काठ जळालेत आणि झुडपं काढून टाकलीत. गवत कुठे हललं, पक्षी कुठल्या वाटेने चालेल, हे त्या समाजातल्या जाणत्या माणसाइतकं दुसऱ्या कोणालाच कळत नाही. माझ्या ओळखीचे एक आजोबा केवळ ओरडण्यावरून सांगतात की नर एकटा आहे की जोडी जमली.

तितरावरून वेदाच्या शाखेला नाव पडलं, हे खरं?

परंपरा तशी कथा सांगते. गुरूंशी बिनसल्यावर याज्ञवल्क्यांनी शिकलेला यजुर्वेद ओकून टाकला आणि बाकीच्या शिष्यांनी तित्तिर पक्ष्यांचं रूप घेऊन तो टिपला. म्हणून ती तैत्तिरीय शाखा. जमिनीवर सांडलेलं दाणा दाणा टिपणारा पक्षी कथेत बरोबर निवडला आहे.

दोघांत जुनं घराणं कोणाचं?

गोगलगायीचं, फारच. आणि त्याचा पुरावा विदर्भातच आहे. दख्खनचा काळा दगड लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात वरती तळी साचली आणि त्यांत गोगलगायी राहिल्या. नागपूरजवळ टाकळीला एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने असे जीवाश्म गोळा केले. फायसा नावाच्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचे शंख त्या थरांत आजही ओळखू येतात. त्याच सुमाराच्या, कोंबड्या आणि बदकं या दोन्ही कुळांची लक्षणं असलेल्या पक्ष्याची कवटी बेल्जियममध्ये सापडली आणि 2020 मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध झालं. म्हणजे इथल्या तळ्यांत गोगलगायी नांदत होत्या, तेव्हा तितराच्या कुळाची ओळख अजून बदकांपासून पुरती वेगळीही दिसत नव्हती.

आज जास्त धोक्यात कोण आहे?

धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीत दोघांबद्दलही तूर्त चिंता नाही, असाच शेरा आहे. यादी जगाची आहे. माझ्या वाटेवरचं मी सांगतो.

आमच्या भागातले मालगुजारी तलाव आणि बोड्या जुन्या काळी कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी बांधल्या. मातीची पाळ, उतरता काठ, काठावर गवत आणि पाण्यात वनस्पती. दोन वर्षांपूर्वी एका बोडीचं सुशोभीकरण झालं. एका बाजूला दगडी पिचिंग, वर सिमेंट, बसायला बाक. हेतू चांगला होता. पण पुढच्या पावसाळ्यात त्या बाजूला पायलाच्या अंड्यांचा एकही घोस मिळाला नाही. समोरच्या मातीच्या काठावर, जिथे निधी पोहोचला नाही तिथे, अर्ध्या तासात मुलांनी अकरा मोजले. चढायला काठ आणि खुपसायला माती नसेल तर ती अंडी घालणार कुठे?

तितराचं तसंच. त्याचं घर म्हणजे झुडपी जंगल आणि माळ, ज्याला सरकारी कागदांत पडीक म्हणायची सवय आहे. 2025च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने विदर्भातलं झुडपी जंगल वनजमीनच मानायची असा निकाल दिला, हे फार बरं झालं. पण जंगल ठरलं म्हणून तिथे खड्डे खणून दाट झाडं लावली तरी तितर जाणारच. त्याला उघडं गवत आणि मधूनमधून काटेरी झुडूप हवं असतं, सावलीचं रान नको.

फिरताना यांची अंडी सापडली तर काय करायचं?

तितराची असतील तर थांबू नका. फोटोसाठीही नाही. तुम्ही थांबलात की मादी उठते, कावळा बघतो आणि तुम्ही गेल्यावर तो येतो. आलात त्याच वाटेने मागे फिरा आणि मुलांना मोठ्याने ओरडू देऊ नका.

पायलाची असतील तर बसून बघा, हात लावू नका. धुरा खणताना चुकून उघडी पडली असतील तर त्याच ठिकाणची ओली माती हलक्या हाताने वर सारा आणि थोडं गवत ठेवा. उचलून पाण्यात टाकू नका. 'बिचारी पाण्यातली आहेत' म्हणून मुलं हमखास तसं करतात. ती पाण्यात बुडाली तर आतली पिल्लं गुदमरतात.

आणि तारीख लिहून ठेवा. तीन आठवड्यांनी त्याच जागी परत या, सकाळी, जमीन ओली असताना. बारीक मणी सरकताना दिसले तर वाट सोडून थोडं बाजूने चाला.